जुन्या मराठी मजकुरासाठी विंडोज एक्सपीचा संगणक : जुळणी आणि बिघाडशोध

महाराष्ट्रातील कितीतरी लहान छापखान्यांचे आणि डीटीपी केंद्रांचे वर्षानुवर्षांचे काम पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरवर आणि त्याच्या जोडीला श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम या लिपीच्या सॉफ्टवेअरवर झालेले आहे. दिवाळी अंक, गावांच्या स्मरणिका, ग्रंथालयांच्या सूच्या, स्थानिक इतिहासाची पुस्तके असा हा मजकूर सीडींवर आणि जुन्या हार्डडिस्कवर पडून आहे. तो युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत नाही. त्या काळच्या फाँटांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते. लेखक हयात नसतो, हस्तलिखित हरवलेले असते आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची असते. अशा वेळी ती फाइल तिच्या मूळ वातावरणात उघडता येणे हाच खात्रीचा मार्ग उरतो, आणि ते वातावरण म्हणजे बहुतेक ठिकाणी विंडोज एक्सपी ही जुनी संगणकप्रणाली.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा आधार थांबवला. आधार थांबला म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती थांबली, आणि त्याहून अधिक जाचक गोष्ट म्हणजे नव्या सुट्या भागांसाठी ड्रायव्हर, म्हणजे ते भाग प्रणालीला ओळखून चालवता यावेत यासाठीची सॉफ्टवेअरे, निघणे थांबले. म्हणून असा संगणक जुळवताना नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. एरवी आपण आधी यंत्र घेतो आणि मग त्यावर प्रणाली चढवतो. येथे कोणत्या भागासाठी एक्सपीचा ड्रायव्हर अस्तित्वात आहे हे आधी पाहायचे आणि मगच तो भाग विकत घ्यायचा. एक्सपीच्या संगणकांत येणाऱ्या बिघाडांपैकी बरेचसे हा क्रम न पाळल्यामुळे खरेदीच्या वेळीच ओढवून घेतलेले असतात.

जुळणीला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे संगणकाला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही असा हार्डवेअर लॉक, लागतो का? लागत नसेल, किंवा डोंगल यूएसबीचा असेल, तर आजच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी संगणकात एक्सपी चालवून पाहावी. पुष्कळ वेळा तेवढ्यावर काम भागते. डोंगल पॅरलल पोर्टला लावायचा, पंचवीस पिनांचा असेल, तर मात्र तो आभासी संगणकापर्यंत पोहोचवणे फार कटकटीचे असते आणि खरा डबा उभा करणेच शहाणपणाचे ठरते. बाजारात मिळणारी यूएसबी-ते-पॅरलल वायर या कामासाठी घेऊ नये. ती केवळ प्रिंटरसाठी बनवलेली असते, आणि डोंगलचा ड्रायव्हर ज्या पत्त्यावर पोर्ट शोधतो त्या पत्त्यावर ती दिसतच नाही.

भागांची निवड

माझी शिफारस इंटेलच्या एच-६१ चिपसेटच्या मदरबोर्डाची आहे. हे बोर्ड ११५५ सॉकेटचे असतात, आपल्याकडे ते भरपूर विकले गेले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते जुने तसेच नव्या बनावटीचेही मिळतात. या पिढीच्या चिपसेटसाठी आणि प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्ससाठी इंटेलने एक्सपीचे ड्रायव्हर काढलेले होते. त्यानंतरच्या पिढ्यांत हा आधार झपाट्याने विरळ होत गेला. प्रोसेसर म्हणून आय३ २१०० पुरेसा आहे. आय३ ३२२० किंचित वेगवान असला तरी एच-६१ च्या सुरुवातीच्या बोर्डांना तो बायॉस, म्हणजे बोर्डावरची मूळ आज्ञावली, अद्ययावत केल्याशिवाय ओळखता येत नाही, आणि बायॉस अद्ययावत करायला आधी जुना प्रोसेसर लावावा लागतो. पेजमेकरच्या कामात या वेगाचा काही उपयोग नसल्यामुळे ही दगदग टाळावी.

बोर्ड हातात घेतल्यावर तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. मागच्या बाजूला पॅरलल पोर्ट आहे का, किंवा निदान बोर्डावर त्याची पिनांची रांग आहे का, ही पहिली. विद्युतधारित्रांची, म्हणजे कॅपॅसिटरांची, डोकी सपाट आहेत की फुगलेली आहेत, ही दुसरी. तिसरी गोष्ट म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटमधील बारीक पिना. मोबाइलचा दिवा तिरका धरून पाहिले तर एकसारख्या ओळींत एखादी वाकलेली पिन चटकन उठून दिसते, आणि अशी पिन असलेला बोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

रॅमबाबत बत्तीस बिटांच्या एक्सपीची मर्यादा लक्षात ठेवावी. ४ जीबी लावली तरी प्रणालीला प्रत्यक्षात ३ ते ३.५ जीबीच्या दरम्यानच वापरता येते, कारण पत्त्यांची उरलेली जागा ग्राफिक्स आणि इतर उपकरणे घेतात. म्हणून २ जीबीच्या दोन डीडीआर३ कांड्या घ्याव्यात. बाजारात अतिशय स्वस्तात विकल्या जाणाऱ्या काही ४ जीबीच्या कांड्या केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या बोर्डावर त्या लावल्या की पडदा काळाच राहतो आणि दोष बोर्डाचा आहे असा समज होतो. विकत घेताना विक्रेत्याला हे स्पष्ट विचारावे.

साठवणीसाठी १२० जीबीची साधी साटा एसएसडी पुरते. एमडॉटटू प्रकारची एनव्हीएमई घेऊ नये. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कचाही विचार करू नये, कारण त्यासाठी लागणारी जीपीटी पद्धतीची विभागणी बत्तीस बिटांच्या एक्सपीला वाचताच येत नाही. त्याशिवाय एक साटा डीव्हीडी ड्राइव्ह, शक्य असल्यास गोल पीएस-टू पिनेचा कीबोर्ड, आणि चांगल्या नावाचा नवा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, घ्यावा. बाकी सगळे जुने चालेल. एसएमपीएस जुना घेऊ नये, कारण त्याचा बिघाड इतर भागांना घेऊन जातो.

बायॉस आणि डिस्कची तयारी

जुळणी नेहमीसारखीच करायची असल्याने तिच्यावर फार लिहीत नाही. कूलरच्या चारही खुंट्या बोर्डाच्या मागच्या बाजूने पूर्ण बाहेर आल्या आहेत का, ते मात्र बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

पहिल्यांदा संगणक सुरू झाल्यावर बायॉसमध्ये साटाची, म्हणजे डिस्कशी देवाणघेवाण करण्याची, पद्धत एएचसीआय ही नवी असेल ती आयडीई ही जुनी करावी. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचे ड्रायव्हर नसतात. ही एक नोंद बदलली नाही तर इन्स्टॉलेशन सुरू होताच हार्डडिस्क सापडली नाही असा संदेश येतो. एसएसडी आयडीई पद्धतीत थोडी मंदावते, पण या कामात तो फरक जाणवत नाही. बूटच्या, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या, पानावर यूईएफआय या नव्या पद्धतीऐवजी लेगसी ही जुनी पद्धत निवडावी. पॅरलल पोर्ट चालू करून त्याचा पत्ता ३७८ ठेवावा, कारण जुन्या डोंगलांचे ड्रायव्हर तो तिथेच प्रथम शोधतात. हे सर्व झाल्यावर बायॉसच्या त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

त्यानंतर मेमटेस्ट८६+ ची सीडी लावून रॅमची तपासणी रात्रभर चालू द्यावी. सदोष रॅमवर इन्स्टॉल केलेली एक्सपी अशा विचित्र रीतीने वागते की माणूस दिवसचे दिवस ड्रायव्हरांना दोष देत बसतो.

एसएसडीच्या विभागणीत एक बारकावा आहे. एक्सपीचे इन्स्टॉलेशन स्वतः विभाग करते तेव्हा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतो, आणि ही सुरुवात एसएसडीच्या आतील ४ केबीच्या खणांशी जुळत नाही. परिणामी प्रत्येक लहान लेखन दोन खणांत पसरते, वेग घटतो आणि झीज वाढते. म्हणून लिनक्सच्या लाइव्ह डिस्कवरील जीपार्टेड या विभागणीच्या सॉफ्टवेअरने एमबीआर या जुन्या पद्धतीची तक्ती तयार करावी, विभागाची जुळवणी एमआयबीवर ठेवावी म्हणजे तो २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होईल, आणि त्याला बूटची खूण लावावी. सी ड्राइव्हला ४० जीबी आणि मजकुरासाठी डी ड्राइव्हला ५० जीबी दिले की उरलेली जागा मोकळीच ठेवावी. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवण्याची सोय, ठाऊक नसल्यामुळे ही मोकळी जागा एसएसडीला आपली अंतर्गत आवराआवर करायला उपयोगी पडते. पुढे एक्सपीच्या इन्स्टॉलेशनमध्ये सी ड्राइव्हचा हाच विभाग निवडून त्यावर झटपट फॉरमॅट करावे. तो पुसून नवा केला तर सगळी तयारी वाया जाते.

इन्स्टॉलेशन

सर्व्हिस पॅक ३ अंतर्भूत असलेली सीडी वापरावी. हा पॅक २००८ साली आला. त्यामुळे ध्वनीच्या ड्रायव्हरला लागणारा पाया आणि यूएसबी २ यांची वेगळी काळजी करावी लागत नाही. परवान्याबाबत नियम साधा आहे: सुटा विकत घेतलेला परवाना एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतो, आणि संगणकासोबत आलेला परवाना त्याच संगणकाचा असतो. इन्स्टॉलेशननंतर सक्रियतेसाठी ३० दिवस मिळतात. इंटरनेटवरून उतरवलेल्या, मोडतोड केलेल्या एक्सपीच्या सीडी वापरू नयेत. त्यांत काय काय घुसडलेले असते ते तपासण्याचा सामान्य वापरकर्त्याकडे मार्ग नाही.

ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर आधीच उतरवून सीडीवर घ्यावेत. आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग ध्वनी, असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक ड्रायव्हरनंतर संगणक पुन्हा सुरू करावा. उत्पादक कंपन्या जुने ड्रायव्हर संकेतस्थळांवरून काढून टाकतात, म्हणून चाललेला प्रत्येक ड्रायव्हर त्या संगणकाच्या नावाने जपून ठेवावा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण उरली तर अंदाजाने ड्रायव्हर चढवत सुटू नये. त्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स या पानावर एक लांबलचक ओळ असते. तिच्यात ‘व्हेन’नंतरची चार अक्षरे उत्पादक सांगतात आणि ‘डेव्ह’नंतरची चार नेमके उपकरण सांगतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक. या आठ अक्षरांवरून शोध घेतला तर हवा तो ड्रायव्हर सापडतो, आणि तो एक्सपीसाठी कधी निघालाच नव्हता हेही लवकर कळते.

रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जटिल लिप्यांच्या फायली बसवण्याची खूण लावून ठेवावी, म्हणजे मंगल फाँट आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावर तो याच यंत्रावर ताडून पाहता येतो.

मग पेजमेकर आणि लिपीचे सॉफ्टवेअर. यूएसबीचा डोंगल ड्रायव्हर बसण्यापूर्वी लावू नये; आधी लावला तर एक्सपी त्याला चुकीची ओळख देते आणि ती नंतर पुसावी लागते. पॅरलल डोंगल संगणक बंद असतानाच लावावा किंवा काढावा. पेजमेकर उघडण्यापूर्वी किमान एक प्रिंटर बसवून तो डीफॉल्ट ठेवावा, प्रत्यक्ष प्रिंटर जोडलेला नसला तरी चालेल, कारण पेजमेकर पानाची जुळणी निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरवर विसंबून करतो. मूळ काम पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरवर झाले असेल तर पोस्टस्क्रिप्टचाच ड्रायव्हर बसवावा, नाहीतर ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात.

जुनी फाइल प्रथमच उघडताना पेजमेकर कधी कधी सापडत नसलेल्या फाँटांची यादी दाखवतो आणि त्यांच्या जागी दुसरे फाँट सुचवतो. हा बदल स्वीकारून फाइल सेव्ह करू नये. यादीतील नावे कागदावर उतरवून फाइल तशीच बंद करावी, ते फाँट बसवावेत आणि मग पुन्हा उघडावी. ही काळजी मला या साऱ्या कामात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण संगणक पुन्हा उभा करता येतो, पण फाँट बदलून सेव्ह झालेल्या पुस्तकातील ठळक आणि तिरपी अक्षरे, श्लोक आणि तळटिपा कुठे होत्या हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. मूळ सीडीवरील फाइल थेट उघडू नये. तिची प्रत डी ड्राइव्हवर घेऊन प्रतीवरच काम करावे.

बिघाड शोधताना

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. हा नियम पाळायला कंटाळा येतो, पण तो मोडला की बिघाड गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही आणि काही महिन्यांनी तो परत आला की सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

सर्वांत जास्त भेटणारा बिघाड असा. संगणक सुरळीत चालत असतो, दिवाळीच्या सुट्टीत किंवा पावसाळ्यात काही दिवस बंद राहतो, आणि नंतर सुरू केला की एक्सपीचे चिन्ह क्षणभर दिसून निळा पडदा येतो. पडद्यावर बऱ्याच शून्यांनंतर ७बी असा संकेतांक असतो. एसएसडी गेली असे समजून तंत्रज्ञ ती फॉरमॅट करायला निघतात. तसे करू देऊ नये. ७बी याचा अर्थ एवढाच की प्रणालीला ज्या डिस्कवरून ती सुरू झाली ती डिस्क आता दिसत नाही. अशा वेळी आधी बायॉसमधील तारीख पाहावी. ती अनेक वर्षे मागे गेलेली असेल तर बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. बॅटरी संपल्याने बायॉसच्या सगळ्या नोंदी मूळपदावर गेल्या, साटाची पद्धत आयडीईवरून पुन्हा एएचसीआय झाली, आणि एक्सपीकडे तो ड्रायव्हर नसल्यामुळे तिला डिस्क दिसेनाशी झाली. नवी बॅटरी बसवावी, काढून ठेवलेल्या फोटोंप्रमाणे नोंदी भराव्यात, आणि संगणक जसाच्या तसा सुरू होतो. त्याच वेळी पॅरलल पोर्टचा पत्ताही बदललेला असू शकतो, म्हणून डोंगल सापडत नाही असा संदेश आला तरी प्रथम तीच नोंद तपासावी.

एनटीएलडीआर, म्हणजे एक्सपी सुरू करून देणारी फाइल, सापडत नाही असा काळा पडदा आला तर आधी लावलेला पेनड्राइव्ह काढून पाहावा. त्याने भागले नाही तर सी ड्राइव्हवरची बूटची खूण जीपार्टेडमध्ये तपासावी.

इन्स्टॉलेशनच्या सुरुवातीलाच निळ्या पडद्यावर ए५ हा संकेतांक आला, तर बोर्डाची ऊर्जा-व्यवस्थापनाची पद्धत एक्सपीला पचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. बोर्ड एक्सपीच्या मानाने फार नवा असल्याची ही खूण. जोडाजोड केलेल्या सीडींनी हा अडथळा ओलांडता येतो असे सांगणारे भेटतात. रोजच्या कामाच्या संगणकासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. बोर्ड बदलावा.

पडदा पूर्ण काळा असेल आणि पंखा फिरत असेल तर रॅमपासून सुरुवात करावी. वीज बंद करून दोन्ही कांड्या काढाव्यात, त्यांच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात आणि एकच कांडी लावून पाहावे. कोकणात आणि समुद्राकाठच्या गावांत दमट हवेमुळे या पट्ट्यांवर थर चढतो, तेव्हा तेथे हा उपाय आश्चर्य वाटावे इतक्या वेळा लागू पडतो. संगणक मधेच आपोआप बंद होत असेल तर मल्टिमीटरने एसएमपीएसची १२ व्होल्टची तार मोजावी, ११.४ ते १२.६ च्या बाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदलावा. आकडा ठीक असेल तर कूलरची धूळ झाडून प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट नव्याने लावावा.

निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टला लावलेला माउस बायॉसमध्ये चालतो आणि एक्सपीत चालत नाही. हा बिघाड नव्हे. एक्सपीत यूएसबी ३ चा मूळ आधार नाही. काळा पोर्ट वापरावा.

एका धोक्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. नवा पेनड्राइव्ह लावला की एक्सपी कधी कधी सांगते की डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? तेव्हा ‘नाही’ म्हणावे. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि मूळ एक्सपीला ती पद्धत वाचता येत नाही, एवढेच घडलेले असते. आतला मजकूर सुखरूप असतो. नव्या संगणकावर तो मजकूर दुसरीकडे उतरवून पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा.

जाळ्यापासून दूर

या संगणकाला इंटरनेट देऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला तेव्हा आणि पुन्हा मे २०१९ मध्ये दूरस्थ प्रवेशातील एका गंभीर त्रुटीसाठी मायक्रोसॉफ्टने एक्सपीला अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. हे अपवादच होते, आणि त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. कार्यालयातल्या नव्या संगणकाशी फायलींची देवाणघेवाण करण्यासाठी त्यावर एसएमबी१ ही जाळ्यावरून फायली वाटण्याची जुनी पद्धत चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. वॉनाक्राय ज्या दारातून शिरला तेच हे दार आहे, आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते मुळातच बंद ठेवलेले आहे. बायॉसमध्ये नेटवर्क कार्ड बंद करावे, एक्सपीतील ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह किंवा सीडी लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप चालू होण्याची सोय, बंद करावे, आणि देवाणघेवाणीसाठी एकच पेनड्राइव्ह राखून ठेवावा, जो प्रत्येक खेपेला नव्या संगणकावर विषाणूंसाठी तपासला जाईल.

सगळे चालू झाल्यावर, प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी, क्लोनझिला या सॉफ्टवेअरने संपूर्ण एसएसडीची प्रतिमा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ती प्रतिमा तेवढ्याच किंवा किंचित मोठ्या दुसऱ्या एसएसडीवर उतरवून, ती याच संगणकाला लावून, डोंगलसह पेजमेकर उघडतो का आणि एखादे जुने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नीट दिसते का, हे पाहून घ्यावे. उघडले तर ती दुसरी एसएसडी नाव आणि तारीख लिहून कपाटात ठेवावी, आणि दरवर्षी एकदा काढून लावून पाहावी, कारण एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्यातील नोंदी हळूहळू पुसट होऊ शकतात.